चिबडातल्या सळया

दोन हजार तेरा साल होतं. माझं वय बासष्ट. शाळा तिसरीतच सुटलेली, तरी गावच्या दूध संस्थेचा मी चेअरमन होतो, आणि मला पाडून दाखवा असं उघड म्हणायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझा ताठा दिसला तर कोणी नवल करू नये. तो अजून उतरलेला नाही.

त्या साली शिरूर कासारकडच्या आमच्या भागात विहिरींचे तळ उघडे पडले होते. उसाअभावी कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली आणि तोडीला गेलेली माणसं वेळेआधीच कोयते घेऊन घरी आली. घरी येऊन बघतात तर कडबा संपलेला. विकायला काढलेली जनावरं भरून टेम्पो मांजरसुंब्याकडं जाताना रोज दिसायचे. आत उभ्या गाईंची तोंडं गावाकडं असायची. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ते बघायचो.

मग आमच्या संस्थेनं चारा छावणी काढली. सगळ्या गावाची जनावरं एका जागी बांधायची आणि चारा-पाणी संस्थेनं पुरवायचं, असा तो प्रकार. जागा मी निवडली. चिबडाच्या वरच्या अंगाला.

चिबड म्हणजे आमच्या पाझर तलावाच्या भिंतीखालची कायम भिजलेली जमीन. लव्हाळ्यानं भरलेली, पाय टाकला की घोटा आत. पेरता येत नाही, नांगरता येत नाही. आमच्या बापजाद्यांनी ती वाया गेलेली म्हणून सोडली, आम्हीही सोडली. तलाव कोरडा पडला तरी चिबडाच्या पोटात ओल टिकून होती. त्याच्या खालच्या टोकाला गावाची प्यायच्या पाण्याची विहीर. त्या उन्हाळ्यात तेवढी एकच जिवंत होती. वरच्या अंगाला बाभळींची सावली, जमीन गार, जनावरांच्या खुरांना बरी. मी जागा दाखवली तेव्हा लोक म्हणाले, चेअरमनच्या डोक्याला तोड नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

छावणी बसायच्या आधीपासून त्या चिबडात एक मॅडम यायच्या. विद्यापीठात मातीचा अभ्यास शिकवणाऱ्या. वय माझ्या थोरल्या लेकीएवढं असेल. जीपमध्ये मोटारीची बॅटरी, एक पेटी, वायरींची रिळं आणि लोखंडी सळयांची मोळी. सळया एका रांगेत मातीत ठोकायच्या, त्यांना वायर जोडायची, दोन सळयांमधून वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन सळयांवर ती कशी पोचते ते पेटीत बघायचं. मग पुढच्या सळया, मग त्याच्या पुढच्या. उन्हात दिवसभर तेच.

आमच्याकडं जमिनीला हात लावून बसलेला माणूस पाणीच शोधत असणार. दुसरं काय शोधायचं? माझा चुलतभाऊ, संस्थेत माझ्या विरोधी गटाचा, तो पहिल्याच दिवशी जाऊन म्हणाला की बाई, बाकी राहू द्या, बोअर कुठं पाडायचा तेवढं सांगा. मॅडम म्हणाल्या, मी पाणी बघत नाही, चिखल बघते. हे गावात कळलं आणि लोकांना हसायला विषय झाला. चिखल बघायला जीप घेऊन येतात म्हणून पारावर नकला चालायच्या.

मी एकदा बांधावर बसून त्यांना सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. ओल्या, खारट मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मातीत आणि दगडात अडते. कुठं किती अडली ते कळलं की खोदल्याशिवाय खालचं चित्र काढता येतं. आणि चित्र कशासाठी, तर चिबडाचा चिखल नुसता पडून नसतो, तो काम करतो. त्यात मुळं कुजतात, वारा न पोचणाऱ्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाण्यातली घाण खातात. वरून आलेलं पाणी चिबडातून खाली जाताना धुऊन निघतं. दुष्काळात चिखल सुकत गेला की हे काम कसं मंदावतं, ते त्या बघत होत्या.

"मग खोदून बघा की," मी म्हणालो.

"खोदला की तो चिखल तो राहत नाही, काका. त्याला वारा लागतो."

मला हे एकदम पटलं. गाभण गाईचं पोट आम्ही बाहेरूनच चाचपतो. आत काय आहे ते हाताला कळतं. फाडून कोण बघतं? त्या दिवसापासून मी त्यांना बाई म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला लागलो.

सळया त्या काढून न्यायच्या नाहीत. दर खेपेला अगदी त्याच जागी मोजायचं म्हणून तिथंच ठेवून जायच्या, मूठभर वर दिसतील अशा.

आता काय झालं ते ऐका. छावणी भरली. अपेक्षेपेक्षा लई जनावरं आली, बाभळींखाली जागा पुरेना, कडेची माणसं सरकत सरकत चिबडात उतरली. तिथं मऊ जमिनीत लाकडी खुंटा टिकत नव्हता. आणि समोर बघावं तर चांगल्या लोखंडी सळया एका रांगेत ठोकलेल्या. सरकारनं आपल्यासाठीच दावण मारून ठेवलीय असं कोणालाही वाटलं असतं. मॅडम पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांच्या सळईसळईला एक एक जनावर रवंथ करत बसलं होतं.

मी धावत गेलो. वाटलं, आता ही बाई गाव डोक्यावर घेणार. चुलतभावाची म्हैस पहिल्याच सळईला होती आणि तो तिच्या शेजारी उकिडवा.

"मॅडम," तो म्हणाला, "करंट सोडायचा असंल तर आधी सांगा. म्हशीला लागून दूध नासलं तर चेअरमन घेणार न्हाई."

"आधी म्हैस माझी सळई सोडते का ते बघू," मॅडम म्हणाल्या, "मग करंटचं बघू."

सगळे हसले. चुलतभाऊसुद्धा. मॅडमनी आवाज चढवला नाही. एकेकाजवळ जाऊन त्यांनी जनावरं सोडवली, हललेल्या सळया शेणामुतात गुडघे टेकून पुन्हा घट्ट केल्या आणि मोजायला बसल्या. त्या दिवसाबद्दल मी त्यांचा पहिला उपकार मानतो. त्या चिडल्या असत्या तर गाव हसून मोकळं झालं असतं आणि त्यांचं पुढचं कोणी ऐकलं नसतं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की जो सळईला जनावर बांधील त्याचं दूध संस्था घेणार नाही. परत कोणी बांधलं नाही.

त्या दिवशी पेटीतलं चित्र संगणकावर आलं तेव्हा वरचा थर सगळा निळा दिसत होता. निळं म्हणजे वीज सहज जाते ती जागा. मॅडम म्हणाल्या, जनावरं बांधली होती, मूत मुरलंय, त्याचंच असेल. पुढच्या वेळी जाईल.

पुढच्या वेळी ते गेलं नव्हतं. खाली गेलं होतं.

त्या खेपेला त्या थेट माझ्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या, चहा घेतला, संगणक उघडला. निळा पट्टा आता छावणीखालून निघून खोल उतरत पुढं सरकला होता, जीभ बाहेर काढावी तसा. तोंड विहिरीकडं. जनावरांचं मूत आणि शेणाचं पाणी खाली मुरतंय, चिबड ते धुतंय, पण एवढं त्याला पेलत नाही, त्यातून यंदा त्याची ओलही कमी झालीय, असं त्यांनी सांगितलं. छावणी हलवा म्हणाल्या.

मला राग आला. मी म्हणालो, म्हणजे माझी जागा चुकली म्हणता? त्या म्हणाल्या, जागा चुकली नाही, जनावरं जास्त झाली. त्यांनी मला वाट काढून दिली होती, पण मी ती घेतली नाही. हलवायची तर कुठं? वरचा माळ तेवढा मोकळा. तिथं मुरूम, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. शिवाय चेअरमननं छावणी मांडली आणि चेअरमननंच मोडली असं चुलतभाऊ गावभर करणार. मी नाही म्हणून टाकलं.

तेवढ्यात आमची सून तान्ह्या नातीसाठी दुधाचं पातेलं गरम करायला घेऊन बाहेर आली. ती आणि लेक तोडीवरून नुकते परतले होते. सुनेचं अंगावरचं दूध आटलं होतं, म्हणून गाईच्या दुधात पाणी घालून पोरीला पाजायचो. मॅडमनी विचारलं, पाणी विहिरीचंच का? सून म्हणाली, हो, पण उकळून घेते.

"मुतातला खार उकळल्यानं जात नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "आज पाण्यात काही नाही, मी तपासलंय. पण ती जीभ पोचली तर मोठ्यांना चालेल एक वेळ, एवढ्या लेकराला नाही."

सुनेचा हात थांबला. आमच्या घरची आतल्या दारात उभी होती, तिनंही ऐकलं. मी उठून अंगणात गेलो, परत आलो. माझं कसं आहे, मला कोणी ढकललं तर मी हलत नाही. पण ओसरीवरचं ते पातेलं माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

"तुमच्या सळया तुमी म्हणाल तिथं ठोकता," मी म्हणालो. "आता मी म्हणतो तिथं ठोका. तिथं ती जीभ निघाली तर छावणी हलवतो. न्हाई निघाली तर तुमी तुमच्या वाटंला लागा."

"चालेल," त्या म्हणाल्या. "जागा तुम्ही दाखवा."

मी जागा दाखवली ती चिबड आणि विहीर यांच्यामधली. विहीर खोदली तेव्हा मी जवान होतो, ती माती मी डोक्यावरून वाहिलेली. तिथं पिवळ्या चिकण मातीचा जाड पट्टा आहे, त्यातून मुंगी जाणार नाही असं माझं मत. सळया मीच ठोकल्या. मॅडम हातोडा मागत होत्या, मी दिला नाही. मोजणी चालली तेव्हा ऊन असं होतं की जीपच्या सावलीत बसूनही घाम डोळ्यांत जात होता.

चित्र आलं. पट्ट्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागात खाली निळं होतं. विहिरीकडच्या अंगाला फिकं.

हरलो होतो आणि दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही. पण मॅडमच म्हणाल्या, थांबा काका. चिकण मातीतूनही वीज सहज जाते. इथं निळं दिसलं ते नुसत्या मातीमुळंही असू शकतं. एवढ्यावर तुम्ही छावणी हलवू नका.

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. पैज जिंकलेल्या माणसानं स्वतःच्याच जिंकण्यावर शंका घ्यावी, हे मी संस्थेच्या राजकारणात उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. त्यांना मी हो म्हणायला हवा होतो, मी हो म्हणायच्या बेतात होतो, आणि त्या मला थांबवत होत्या. त्यांचा खरा उपकार हा. तिथून पुढं त्या जे सांगतील ते ऐकायचं असं मी मनात ठरवलं.

मग त्यांनी जीपमधून हातानं फिरवायचं गिरमीट काढलं. सळयांच्या रांगेत एक भोक छावणीकडच्या अंगाला, एक विहिरीकडच्या. दोन्हीतून गढूळ पाणी बाटलीत काढलं, निवळू दिलं आणि कागदाच्या पट्ट्या बुडवल्या. घाण असेल तर पट्टी गुलाबी होते, म्हणाल्या. विहिरीकडची पांढरीच राहिली. छावणीकडची आमच्या डोळ्यांदेखत गुलाबी होत गेली, लाल पेरूच्या गरासारखी.

"अजून पोचली न्हाई," मी म्हणालो.

"नाही पोचली. वरचं थांबलं तर मधला चिखल हे खाऊन टाकेल. त्याला तेवढा वेळ द्यायचा."

त्याच दिवशी संध्याकाळच्या दूध घालायच्या वेळी मी सभा बोलावली. त्या वेळेला सगळी घरं किटल्या घेऊन येतातच. मी उभा राहून सांगितलं की छावणी उद्यापासून माळावर. कारणही सांगितलं, गुलाबी पट्टी दाखवली. मला वाटलं होतं, लोक सावलीवरून भांडतील, पाणी वाहण्यावरून भांडतील. तसं झालं नाही. विहिरीचं म्हटल्यावर सगळे तयार झाले. भांडण लागलं खुंट्यावरून.

छावणीत प्रत्येक घरानं आपला खुंटा घरून आणून रोवला होता, बाईमाणसानं त्याला हळदीकुंकू लावलं होतं. आमच्यात रोवलेला खुंटा मध्येच उपटत नाहीत. खुंटा उपटला म्हणजे जनावर विकलं किंवा मेलं. त्या साली असं एक घर नव्हतं जिथून एखादं जनावर टेम्पोत चढलं नव्हतं. राहिलेल्यांचा खुंटा स्वतःच्या हातानं उपटायला कोणाचा हात पुढं होणार?

चुलतभाऊ उभा राहिला. "चेअरमन, तुमी म्हणलात खुंटा रोवा, रोवला. आता म्हणता उपटा. उद्या दावण मोकळी झाली तर तुमी भरून देणार हाव का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "गप बे, विहिरीचं चाललंय."

"विहिरीचं मला कळतंय. मी खुंट्याचं इचारलंय."

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. दावण भरून द्यायचा शब्द मला देता येत नव्हता.

तेव्हा बायकांच्या रांगेतून आमच्या घरची बोलली. ती कधी सभेत बोलत नाही. हातातली किटली तशीच धरून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आवं, उपटायचा कावून? खणून काढा. खालच्या मातीसकट उचला, मातीसकट तिकडं ठिवा. तुळस हलवायची असंल तर आपण उपटतो का?"

मग एक म्हातारी म्हणाली की खरं हाय, मातीसकट गेला तर तो उपटलेला न्हाई. बायकांनी माना हलवल्या आणि पुरुषांना मग वेगळं काही म्हणायला राहिलं नाही. चुलतभाऊ तेवढा म्हणाला, "मंग आधी चेअरमनचा निघू द्या."

"निघंल," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लोकांचं कौतुक आहे, माझं नाही. बैलगाडीवर पिपं ठेवून माळावर पाणी वाहिलं गेलं, पोती आणि जुनी लुगडी शिवून सावल्या केल्या. तोडीवरून आलेल्या जोडप्यांनी, ज्यांची पाठ आधीच मोडलेली, त्यांनी सगळ्यात जास्त वाहिलं. मॅडम पाऊस पडेपर्यंत येत राहिल्या. जीभ आधी जागीच थांबली, मग हळूहळू तोंडाकडून फिकी होत गेली. दर खेपेला त्या मला चित्र दाखवायच्या आणि मी समजल्यासारखी मान हलवायचो. नंतर नंतर खरंच समजायला लागलं. विहिरीची पट्टी एकदाही गुलाबी झाली नाही. ती नात आता शाळेत जाते आणि मी लिहिलेलं वाचून चुका काढते.

मॅडम पुढं दुसरीकडं बदलून गेल्या. जाताना सळया काढायला आल्या तेव्हा मी म्हणालो, एखादी राहू द्या. त्यांनी ठेवली. तिला आजवर कोणी जनावर बांधलेलं नाही. पुढच्या निवडणुकीत चुलतभावानं मला पाडलं. ते बरं झालं असं मी अजून म्हणत नाही. पण चिबडाला मात्र मी वाया गेलेली जमीन म्हणायचं सोडलंय. त्या मळकट चिखलानं आमचं किती धुतलं ते मी रंगात बघितलंय, आणि जिनं दाखवलं तिचं नाव घेतल्याशिवाय मी त्या बांधावरून जात नाही. मनातल्या मनात घेतो.

हे सगळं नंतरचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारा उरकल्या, कुदळ आणि फावडं घेतलं आणि छावणीत गेलो. माझी बांडी गाय खुंट्याला उभी होती. तिचं दावं सोडून आमच्या घरचीच्या हातात दिलं. खुंट्याभोवती गोल खणलं, हात घालून ढेकूळ सुटं केलं आणि पोत्यावर उचलून घेतलं. ते लई जड निघालं. चुलतभाऊ दात घासत बघत होता. तो म्हणाला, "माती सांडायली," आणि तोंडातली राखुंडी थुंकून पोत्याचं दुसरं टोक धरलं. माळावर मुरमात मी खड्डा घेतला, खुंटा मातीसकट आत बसवला, वरून तांब्याभर पाणी घातलं, पायानं दाबला. गाय बांधली. मग रिकामं पोतं झटकून चुलतभावाला म्हणालो, चल, आता तुझ्या म्हशीचा, आणि आम्ही दोघं खाली उतरलो.